मर्यादा कोणी लिहावी?



व्याख्यानमालेचे चालक माझ्याकडे आले तेव्हा मी संपाविषयी किंवा गिरण्यांविषयी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी संगणकाचा विषय काढला तेव्हा ते थोडे चमकले. माझे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, जुन्या पुस्तकांतून आणि माझ्याहून वयाने लहान असलेल्यांना न लाजता विचारून. अशा माणसाने संगणकाच्या पोटात शिरून काय सांगावे, ही शंका रास्त आहे. परंतु माझा आयुष्यभराचा उद्योग वाटपाचा आहे. घेणारे पुष्कळ आणि वस्तू एक, अशा वेळी कोणी किती घ्यावे, मर्यादा कोणी घालावी, आणि ती मोडणाऱ्याचे काय करावे, हेच वाद मी तीस वर्षे घालीत आलो. संगणकाच्या पोटातही हेच वाद साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत, हे मला एका रात्री कळले. ती रात्र आधी सांगतो.

एका बंद पडलेल्या कारखान्यातील ४१२ कंत्राटी कामगारांच्या थकलेल्या रकमांचा तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार न्यायालयात द्यावयाचा होता. आमच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स आहे, कारण ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. पगारपत्रकांची सुमारे अकराशे पाने आम्ही स्कॅन करून ठेवली होती. अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामला ती पाने एकामागून एक द्यावीत म्हणून मी चार ओळींची एक आज्ञावली लिहिली, आणि एका ओळीच्या शेवटी एक चिन्ह जास्तीचे टाकले. त्या चिन्हाचा अर्थ असा, की हे काम संपण्याची वाट पाहू नकोस, पुढचे सुरू कर. झाले! अकराशे पानांसाठी एकेक करून अकराशे प्रोसेसेस एकदम सुरू होऊ लागल्या. पडदा थिजला, उंदीर हलेना, आतली चकती नुसती खरखरत राहिली. शेवटी मेमरी संपली, तेव्हा यंत्राने स्वतःला वाचविण्यासाठी कोणाला तरी मारावयाचे ठरविले. त्याने सर्वांत मोठा कोण ते पाहिले. माझी शेकडो पिल्ले एकेकटी लहान होती. सर्वांत मोठा प्रोग्राम होता तो तक्त्याचा. गुन्हेगार सुटले आणि निरपराध मारला गेला. यंत्र जुने म्हणून आपोआप जतन होण्याची सोय मीच बंद केली होती, आणि संध्याकाळपासून भरलेला तक्ता हाताने जतन करण्याची सुधही मला राहिली नव्हती.

रात्रभर बसून आम्ही तो तक्ता हाताने पुन्हा लिहिला. सकाळी तो वेळेवर दिला. परंतु त्यात दोन नावे गळाली. ती दोन नावे पुन्हा आत घेण्यास आठ महिने लागले.

चूक माझी होती, यात वाद नाही. पण एका माणसाच्या एका चिन्हाने सारे यंत्र बुडू शकते, हे यंत्र घडविणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते काय? आले होते. ते कसे आले आणि त्यांनी काय केले, तोच आजचा विषय.

पहिल्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण संगणक एका वेळी एकाचेच काम करी. आपला प्रोग्राम पत्त्यांवर भोके पाडून लिहावयाचा, तो गठ्ठा खिडकीत द्यावयाचा, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यावयास जावयाचे. एक स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांग. यंत्र फार महाग होते, म्हणून माणसाचा वेळ स्वस्त धरला जाई. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५९ साली असे सुचविले, की यंत्राने आपला वेळ बारीक तुकड्यांत कापून अनेकांत वाटावा. त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ या यंत्रावर तसे करून दाखविले. त्या व्यवस्थेचे नाव सीटीएसएस.

ही युक्ती चाळीत राहिलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. नळ एक आणि बिऱ्हाडे वीस. प्रत्येकाने एक कळशी भरावी, बाजूला व्हावे आणि पुन्हा रांगेत यावे. यंत्राचा नळ इतका वेगाने फिरतो, की प्रत्येकाला वाटते तो आपल्याच दारात आहे. कॉर्बाटो यांनी आणखी एक शहाणपण केले. ज्याचे काम लहान त्याला लवकर पाळी. ज्याचे काम दिलेल्या वेळात संपत नाही त्याला खालच्या रांगेत पाठवावयाचे. तेथे पाळी उशिरा येते, पण आली म्हणजे जास्त वेळ मिळते. म्हणजे कळशीवाल्याने पिंपवाल्यामागे तिष्ठू नये, आणि पिंपवालाही कोरडा राहू नये. १९६२ साली छापलेला हा नियम आजही अनेक रूपांत जिवंत आहे.

तथापि पाळी ठरली तरी वाटा ठरत नाही. म्हणून सीटीएसएसवर प्रत्येकाला यंत्राच्या वेळेचा कोटा होता, आणि एकाचा कोटा दुसऱ्याने वापरू नये, एकाचे कागद दुसऱ्याने पाहू नयेत, यासाठी परवलीचे शब्द आले. आज आपण दिवसातून दहा वेळा जो पासवर्ड टाकतो, त्याच्या मुळाशी वाटपाचाही प्रश्न होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता या कोट्याचे काय झाले पाहा. अॅलन शेर नावाचे एक संशोधक त्या यंत्राच्याच कामगिरीचा अभ्यास करीत होते. त्यांना आठवड्याला ४ तास मिळत, आणि त्यांचे काम तेवढ्यात भागत नसे. १९६२ च्या वसंतात त्यांनी पत्त्यावर एक साधी विनंती लिहिली : अमुक फाइल छापून द्यावी. ती फाइल सर्वांच्या परवलीच्या शब्दांची होती. यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली, आणि शेर दुसऱ्यांच्या वाट्याचा वेळ वापरू लागले. अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच हे सांगितले. मी चोरीचे समर्थन करीत नाही. परंतु युनियनच्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. ज्याची गरज खरी आहे आणि जिला वाचा फोडावयास जागा नाही, तो मर्यादेशी भांडत नाही. तो रात्री मागच्या दाराने येतो.

पुढे १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केले. ते थोड्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी होते, आणि त्याची घडण विश्वासाची होती. कोणताही प्रोग्राम आपल्यासारखा दुसरा प्रोग्राम जन्माला घालू शकत असे, दुसरा तिसऱ्याला. रिची यांनी १९७० च्या दशकात युनिक्सच्या सुरक्षिततेवर एक लहानसे टिपण लिहिले. त्यात त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, की कोणी सारी साधने खाऊन यंत्र जेरीस आणावयाचे ठरविले, तर त्याविरुद्ध युनिक्सची तटबंदी फार कच्ची आहे. माझ्या कचेरीत जे घडले ते त्यांना तेव्हाच दिसत होते.

त्या युनिक्समध्ये 'नाइस' नावाची एक आज्ञा होती, आणि ती लिनक्समध्येही आहे. नाइस म्हणजे सौजन्य. आपले काम घाईचे नसेल तर आपण होऊन सांगावे, की मला मागे ठेवा. लिनक्समध्ये सौजन्याचा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत जातो, आणि तो जितका मोठा तितका प्रोग्राम नम्र. सामान्य माणूस तो आकडा वाढवू शकतो. एरवी तो कमी करण्याचा अधिकार फक्त यंत्राच्या कारभाऱ्याला, ज्याला तेथे 'रूट' म्हणतात. मला ही गोष्ट वाचून हसू आले. नम्र होण्यास परवानगी लागत नाही, पण एकदा नम्र झालो की पुन्हा ताठ होण्यास लागते!

सौजन्यावर जग चालत नाही, हे विद्यापीठांतील गर्दीने दाखवून दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी ऑगस्ट १९८३ मध्ये युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली, आणि तिच्यात साधनांच्या मर्यादा रीतसर आल्या. प्रोसेसरचा वेळ किती, फाइल केवढी, मेमरी किती, याला प्रत्येकी दोन रेषा. एक मृदू, एक कठोर. मृदू रेषा प्रत्यक्ष लागू असते. ती माणूस स्वतः खालीवर करू शकतो, पण कठोर रेषेपर्यंतच. कठोर रेषा वर नेण्याचा अधिकार फक्त रूटचा. याच आवृत्तीत चकतीवरील जागेचा कोटाही आला. तो मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेला होता.

यात एक कलम फार विचार करण्याजोगे आहे. सामान्य माणूस आपली कठोर रेषा स्वतः खाली आणू शकतो. पण एकदा खाली आणली की ती पुन्हा वर नेता येत नाही. करारनाम्यावर सही करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे कलम आपल्या मेजासमोर लिहून ठेवावे. तात्पुरती म्हणून सोडलेली सवलत परत मिळविताना काय होते, ते मी पाहिले आहे.

आणखी एक प्रश्न उरला होता. पाळी कोणाला द्यावयाची, प्रोग्रामला की माणसाला? वाटप प्रोग्रामच्या संख्येने केले, तर जो दहा प्रोग्राम सुरू करील तो एकट्याने दहा वाटे नेईल. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी यावर काम केले आणि १९८८ साली ते प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की हिशेब माणसाच्या नावाने ठेवावा, आणि ज्याने अलीकडे जास्त घेतले त्याची पाळी हळूहळू मागे जावी. नळावर एकाच बिऱ्हाडाने दहा पोरे रांगेत उभी केली, तरी वाटा एका बिऱ्हाडाचाच. मला वाटते, या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत न्याय्य पाऊल होते.

आता आपण घरच्या यंत्राकडे येऊ. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने स्वतःच्या मेजावरील संगणकासाठी युनिक्सच्या धर्तीवर जे लिहावयास घेतले, तेच लिनक्स. येथे तुम्ही विचाराल, की मेजावर यंत्र एक, माणूस एक. मग मर्यादा कोणासाठी? माझ्या रात्रीने त्याचे उत्तर दिले आहे. पूर्वी एका यंत्रावर तीस माणसे बसत. आज एका माणसाच्या नावाने शेकडो प्रोसेसेस बसलेल्या असतात. ब्राउझर उघडला की त्याच्याच डझनावारी. गर्दी गेली नाही, ती पडद्याआड गेली.

लिनक्समध्ये मर्यादांची एक साधी फाइल असते. तिचे नाव लिमिट्स डॉट कॉन्फ. तिच्या प्रत्येक ओळीत चार रकाने : कोणासाठी, मृदू की कठोर, कोणती वस्तू, आणि किती. नावाच्या जागी एक तारा काढला, की ती ओळ सर्वांना लागू. माणूस यंत्रात नव्याने प्रवेश करतो तेव्हा त्या ओळी त्याला लागतात. आत बसल्या बसल्या आपल्या मर्यादा पाहावयाच्या, तर 'युलिमिट' ही आज्ञा आहे. आणि हो, तारा काढून लिहिलेला सर्वसाधारण नियम रूटला लागू होत नाही. त्याच्यासाठी त्याचे नाव स्वतंत्र लिहावे लागते. कारखान्याच्या दारावरील नियमावलीचा अनुभव असलेल्यांना याचे नवल वाटू नये.

त्या रात्रीनंतर मी ही फाइल उघडली. राग ताजा होता. मी तारा काढला, कठोर लिहिले, प्रोसेसेसची संख्या ३०० लिहिली, आणि समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचे हिशेब पाहणारी आमची मुलगी कामावर आली. यंत्र सुरू झाले, पण ब्राउझर उघडेना. वर्गणीच्या पावत्या निघेनात. नव्याने काही सुरू करू गेले, की यंत्र नकार देई. मला ठाऊक नव्हते, की लिनक्स या मोजणीत प्रोग्रामच्या आतले धागेही धरते, आणि एक ब्राउझरच शेकडो धागे चालवतो. मी दुपारी आलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, हे तुम्ही केलंत ना? मग आम्हाला विचारलं का नाही?"

मी तीस वर्षे जे वाक्य व्यवस्थापकांना ऐकवीत आलो, ते त्या दिवशी मला ऐकावे लागले. कचेरीतील रूटचा शब्द माझ्याजवळ होता. मी एका रात्रीत मालक झालो होतो, आणि मालकाने करावे तेच केले होते. यंत्र कोणासाठी चालते हे न पाहता मी आकडा लिहिला होता.

शिवाय माझा आकडा निरुपयोगीही होता. या जुन्या पद्धतीत मेमरीची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी लागते. एकाला एक वाटी म्हटले, तर शंभरांना शंभर वाट्या मिळतात आणि पातेले रिकामे होतेच. पातेल्यावरच घराचे नाव घालावयाचे, तर वेगळा उपाय हवा. तो २००६ साली गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी सुरू केला, आणि जानेवारी २००८ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत तो आला. त्याला कंट्रोल ग्रुप्स किंवा थोडक्यात सीग्रुप म्हणतात. अनेक प्रोसेसेसचा एक गट करावयाचा आणि मर्यादा गटाला घालावयाची. गटातील कोणी कितीही पोरे जन्माला घातली, तरी ती त्याच गटात मोजली जातात. त्यांचा मूळ हेतू मोठ्या केंद्रांतील हजारो यंत्रांचा होता. परंतु मार्च २०११ मध्ये निघालेल्या २.६.३८ या आवृत्तीत माइक गॅलब्रेथ यांच्या सुमारे दोनशे ओळींच्या दुरुस्तीने प्रोसेसरची पाळीही गटागटाने लागू लागली, आणि मेजावरच्या यंत्रालाही तिचा लाभ झाला. मागे कितीही जड काम चालू असले, तरी पुढे बसलेल्या माणसाची खिडकी अडेनाशी झाली. २०१० साली सुरू झालेल्या सिस्टमडीने हे गट प्रत्येकाच्या आवाक्यात आणले. आज बहुतेक प्रमुख लिनक्समध्ये प्रत्येक माणसाचा एक गट आपोआप तयार होतो.

सीग्रुपच्या आजच्या पद्धतीत दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पहिली, वजन. प्रोसेसरच्या वेळेसाठी गटाला वजन देता येते, आणि मुळात ते १०० असते. ज्याचे वजन २० केले, त्याला गर्दी असेल तेव्हाच कमी मिळते. यंत्र रिकामे असेल तेव्हा तो सगळे घेऊ शकतो. टंचाई नसताना टंचाईचा नियम लादला जात नाही. दुसरी, मेमरीच्या दोन रेषा. पहिली ओलांडली की गटाचा वेग ओढून धरला जातो. दुसरी ओलांडू लागला आणि आवरता आले नाही, तर मारले जाते. पण मारले जाते ते त्याच गटातील कोणाला तरी. आधी ताकीद, मग बडतर्फी, आणि शिक्षा शेजारच्या घराला नाही. हे जर त्या रात्री असते, तर माझी अकराशे पिल्ले आपापसांत मेली असती आणि ४१२ नावांचा तक्ता पडद्यावर तसाच राहिला असता.

मग आम्ही कचेरीत सभा घेतली. पाच माणसे आणि एक यंत्र, म्हणून हसू नका. कोणाला दिवसा काय लागते, कोणते काम रात्रीपर्यंत थांबू शकते, हे प्रत्येकाने सांगितले. माझी ३०० ची ओळ सर्वानुमते पुसली. पाने वाचण्याच्या कामाचा वेगळा गट केला. आमच्या यंत्रात ८ जीबी मेमरी आहे. त्या कामाला २ जीबीवर ताकीद, ३ जीबीवर शेवट, प्रोसेसरचे वजन २०, आणि एकूण प्रोसेसेस व धागे मिळून २०० पेक्षा जास्त नाहीत, असे ठरले. हे आकडे मराठीत लिहून यंत्राच्या वर भिंतीवर लावले. खाली एक ओळ लिहिली : अडचण आल्यास सांगावे, दर तीन महिन्यांनी फेरविचार. एप्रिलमध्ये एकदा आकडे बदललेही. ते मी बदलले नाहीत, हिशेब पाहणाऱ्या मुलीने सुचविले.

बंधुभगिनींनो, मर्यादा हा शब्द ऐकला की आपण कामगार माणसे दचकतो. परंतु आपला इतिहासही मर्यादा मागण्याचाच आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना मर्यादाच नव्हती. कापड गिरण्यांत ती १९११ च्या कायद्याने दिवसाला १२ तासांवर आली. १९४८ च्या कायद्यात ती आठवड्याला ४८ तास होती. ही मर्यादा कामगारावर नव्हती, कामगाराचा दिवस घेणाऱ्यावर होती. घेणारा कोण आहे हे आधी ओळखावे, आणि रेषा त्याच्यापुढे ओढावी. माझ्या कचेरीत त्या रात्री घेणारा मी होतो.

साठ वर्षांत यंत्र हजारो पटींनी मोठे झाले, तरी हा प्रश्न मिटला नाही आणि मिटणारही नाही. जितके मिळेल तितके घेणारे कोणीतरी निघतेच, बहुधा वाईट हेतूने नव्हे, एका चुकीच्या चिन्हाने. म्हणून रेषा हवी. ती ज्यांना लागू आहे त्यांना वाचता यावी, ती लिहिताना त्यांना विचारलेले असावे, आणि ती बदलण्यासाठी पुढचे दार उघडे असावे. एवढे नसेल, तर कोणीतरी रात्री मागच्या दाराने येईल, नाही तर सकाळी तक्त्यातून दोन नावे गळतील.

त्या दोघांपैकी एक गृहस्थ आज येथे आले आहेत. त्यांना त्यांची रक्कम मिळाली. आठ महिने मात्र परत देता आले नाहीत.